पाठवणाराचा पत्ता

सकाळी सहाला फोन वाजला की पोटात गोळा येतो. आमच्या वयाला अशा वेळी येणारे फोन बहुधा चांगले नसतात. २२ जुलै २०२४ ला असाच फोन वाजला. पलीकडून काका बोलत होते, न्यू जर्सीहून. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती, म्हणजे गुरुपौर्णिमा अजून संपायची होती.

"अरे, तुमच्या संस्थेने माझ्याकडून तीनदा पैसे घेतले आणि पावती एकाचीही नाही. हे काय चाललंय?"

आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. ते जास्त लागतं.

मी ज्या संस्थेचा खजिनदार आहे ती अगदी लहान आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींचं एक वसतिगृह, एवढाच पसारा. आमच्या नगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं कारखान्यांकडे निघतात. आईबापांमागून मुली फडात गेल्या की शाळा सुटलीच म्हणून समजा. काकांनी आजीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, नावाने दरवर्षी गुरुपौर्णिमेला काही द्यायचं ठरवलं होतं. हे पहिलंच वर्ष.

लॅपटॉप उघडून बघितलं तर काकांच्या नावाच्या तीन ओळी होत्या आणि तिन्ही नाकारलेल्या. कारणाच्या रकान्यात एकच अक्षर : झेड. त्याचा अर्थ, कार्डधारकाने दिलेल्या पत्त्यातला पिनकोड बँकेतल्या नोंदीशी जुळतो, घराचा नंबर जुळत नाही. काका दोन वर्षांपूर्वी आपलं घर विकून त्याच गावात मुलाकडे राहायला गेले होते. कार्डाचं बिल आता ईमेलवर येतं, त्यामुळे बँकेत पत्ता बदलायचं राहून गेलं. गाव तेच, घर वेगळं. म्हणून झेड.

आणि पैसे गेल्यासारखे का दिसले? ती आणखी एक गंमत. बँक आधी 'कार्ड चालू आहे, रक्कम आहे' असं म्हणून तेवढे पैसे अडवून ठेवते आणि पत्ता जुळतो की नाही ते सोबत कळवते. न जुळलेला व्यवहार नाकारायचा निर्णय आमच्या बाजूने होतो. तोवर तिकडे स्टेटमेंटवर रक्कम लटकलेली दिसते आणि काही दिवसांनी आपोआप नाहीशी होते. काकांच्या तीन रकमा अशा लटकल्या होत्या. हे सगळं ऐंशीच्या घरातल्या माणसाला सकाळी सहाला फोनवर समजावून सांगणं... असो.

"म्हणजे मी मीच आहे यावर तुमचा विश्वास नाही," काका म्हणाले.

यावर काय बोलणार? नियम आम्हीच लावला होता. तो का लावला तेही सांगायला हवं.

त्याआधी वर्षभर, २०२३ च्या पावसाळ्यात, एका सकाळी देणग्यांचा पाऊस पडलेला दिसला. रात्रीतून साठ-सत्तर देणग्या! सगळ्या परदेशी कार्डांवरून, प्रत्येकी डॉलर-दीड डॉलरच्या. आमच्या अध्यक्षबाईंना वाटलं, तिकडच्या कुठल्या मंडळाने आवाहन केलं असणार. मी मास्तरकी केलेला माणूस, मला आकड्यांचा वास येतो. नावं विचित्र होती, पत्त्यांच्या जागी काहीबाही अक्षरं होती आणि दोन देणग्यांमध्ये जेमतेम काही सेकंद. पुण्यात कंप्युटरमध्ये असलेल्या भाचीला फोन केला तेव्हा तिने एका वाक्यात उलगडा केला : "मामा, कुणीतरी चोरलेली कार्डं तुमच्याकडे घासून बघतंय."

हा धंदा जगभर चालतो. चोरीच्या कार्डनंबरांच्या याद्या विकत मिळतात, पण त्यातलं कुठलं कार्ड अजून चालू आहे ते वापरल्याशिवाय कळत नाही. दुकानात तपासावं तर माल घरी पोचवायला पत्ता द्यावा लागतो. संस्थांचं बरं असतं. दान घ्यायला कोण नाही म्हणतो? रक्कम कितीही लहान चालते, बदल्यात काही पाठवायचं नसतं आणि प्रश्नही विचारले जात नाहीत. लहान रक्कम गेली की कार्ड जिवंत, मग त्याच कार्डावर दुसरीकडे मोठी खरेदी. खऱ्या मालकाने तक्रार केली की बँक रक्कम परत ओढून घेते आणि वर संस्थेकडून दंड वसूल करते. आम्हाला डॉलर-दीड डॉलर मिळाले, ते परत गेले आणि दंडात मुलींच्या महिन्याभराच्या दुधाचे पैसे गेले. तेव्हापासून परदेशी कार्डाचा पत्ता तपासायची सोय आम्ही चालू केली, आणि तीही सगळ्यात कडक पायरीवर. पूर्ण जुळलं तरच घ्यायचं.

ही पत्ता तपासण्याची रीत मुळात अमेरिकेची. कॅनडा आणि ब्रिटनमध्येही चालते. तिकडे कार्डाचं बिल महिन्याच्या महिन्याला पोस्टाने घरी येत असे. त्यामुळे बिल जिथे जातं तो पत्ता खऱ्या मालकाला तोंडपाठ असणार आणि चोराला बहुधा नसणार, असा साधा हिशोब. यंत्र अख्खा पत्ता वाचतच नाही. रस्त्याच्या ओळीतले आकडे आणि पिनकोडचे आकडे, एवढंच जुळवून बघतं. 'एल्म स्ट्रीट' लिहिलं काय अन् 'मारुतीचा पार' लिहिलं काय, त्याला सारखंच.

आता आपल्याकडचा पत्ता आठवून बघा. मु. पो. अमुक, ता. पाथर्डी, जि. अहमदनगर. फार तर 'ग्रामपंचायतीसमोर'. यात आकडा कुठे आहे? या यंत्रापुढे आमचं अख्खं गाव एकाच घरात राहतं!

म्हणून आपल्या बँका त्या वाटेला गेल्याच नाहीत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये फर्मान काढलं आणि १ ऑगस्ट २००९ पासून इथल्या कार्डांवरच्या ऑनलाइन व्यवहाराला कार्डावर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची केली. तीच पुढे बहुतेकांच्या ओळखीची झाली, ओटीपीच्या रूपात. म्हणजे अमेरिकेत विचारतात 'तुझं घर कुठे?' आणि आपल्याकडे विचारतात 'तुझा फोन कुठे?' हा नियम इथे काढलेल्या कार्डांना आहे. परदेशी कार्ड ओटीपीविना येऊ शकतं, म्हणून त्याचं घर विचारावं लागतं.

नाही म्हणायला आपल्या पत्त्यातही सहा आकडे आहेतच, पिनकोडचे. ते आणले एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिल्या तीन आकड्यांवरून टपाल छाटणीचा जिल्हा कळतो, आणि हा जिल्हा कलेक्टरच्या जिल्ह्याशी जुळलाच पाहिजे असं नाही. आमच्या जिल्ह्याचीच गंमत बघा. नगर शहर ४१४००१, पाथर्डी ४१४१०२, पण जामखेड ४१३२०१, संगमनेर ४२२६०५ आणि शिर्डी ४२३१०९. एका जिल्ह्याची चार तोंडं चार दिशांना. टपालाने आमचा जिल्हा कधी एक मानलाच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, आमचे शिक्के आणि पावतीपुस्तकं बदलली. पिनकोड तोच राहिला. ज्या यंत्राला फक्त आकडे कळतात त्याला या बदलाची खबरही नसेल.

काकांचा फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात दुसरंच काही चालू झालं. देणाऱ्याचा पत्ता कुणासाठी लिहितात?

आजी दर गुरुपौर्णिमेला शिर्डीला सव्वापाच रुपयांची मनीऑर्डर करायची. तिला लिहिता येत नव्हतं, फॉर्म मी भरायचो. १९७३-७४ ची गोष्ट असेल, मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पोस्टमास्तरांनी सहा चौकोनांत आकडे भरायला सांगितले तेव्हा आजीने संशयाने विचारलं होतं, "बाबाला आता नंबर लागतो का?" पण 'पाठवणाराचा पत्ता' या जागेबद्दल ती फार जागरूक असायची. नीट लिही म्हणायची. कारण मनीऑर्डर पोचली की तिचा एक तुकडा, घेणाऱ्याच्या सहीशिक्क्यासह, पाठवणाऱ्याकडे परत यायचा. कधी उदीचं पाकीटही यायचं. पोचपावतीचे ते तुकडे आजी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. पोस्टाने मनीऑर्डर १८८० साली सुरू केली, तेव्हापासून ही पोच ठरलेली. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणाच्या संशयासाठी नव्हता. आपलं पोचलं की नाही हे आजीला कळावं, यासाठी तो होता. तपासणारी ती होती.

जुन्या गोष्टी धुंडाळू लागलो तर हे सगळीकडे दिसायला लागलं. १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले. त्यांनी इथे शाळा काढल्या. सिंथिया फरार बाईंच्या नगरमधल्या मुलींच्या शाळेचं नाव फुल्यांच्या चरित्रात येतं. तो सगळा खर्च अमेरिकेतल्या चर्चमधून गोळा होणाऱ्या पैशांवर चालायचा. बोस्टनहून त्यांचं 'मिशनरी हेरल्ड' नावाचं मासिक निघे. त्यात प्रत्येक अंकाच्या शेवटी देणग्यांची यादी असे, बारीक टायपात पानंच्या पानं. राज्य, परगणा, गाव, चर्च, आणि पुढे डॉलर आणि सेंट. मध्येच कुठे नुसतं 'एक मित्र' किंवा 'एक स्त्री'. गाव आहे, नाव नाही. त्या काळी क्रेडिट कार्ड नव्हतं, पण कुणा म्हातारीने पन्नास सेंट दिले असतील तर ती पुढच्या अंकात आपल्या गावाच्या ओळीवर बोट ठेवून बघू शकत होती. छापणारे देणाऱ्याला हिशोब देत होते.

फार मागे जायचं तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. खांबांवर आणि भिंतींवर देणाऱ्यांची नावं आहेत आणि नावासोबत गाव आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा अमुक यवन. दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला देणाऱ्याचा पत्ता! त्यातलं धेनुकाकट नेमकं कुठलं यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. पत्ता आहे, गाव सापडत नाही. आमच्या पेमेंट गेटवेने त्या यवनाला हमखास नाकारलं असतं.

मग तपासणी कशाचीच नव्हती का? होती. पण ती माणसाने माणसाची होती. आपल्याकडे देणगीच्या पेटीला हल्ली काहीजण 'हुंडी' म्हणायला लागलेत, तो दक्षिणेचा शब्द. आपली हुंडी म्हणजे सावकाराची चिठ्ठी. तिच्यात एक प्रकार होता शाहजोग. पैसे फक्त 'शाहा'ला, म्हणजे पेठेत पत असलेल्या ओळखीच्या आसामीलाच द्यायचे. चोराच्या हाती हुंडी पडली तरी ती वटवायला त्याला कुणी पतवाला उभा करावा लागे, आणि पुढे खोटं निघालं तर धरायला माणूस असे. नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहिली, असा शेठ तिथे नव्हताच, आणि तरीही ती वटली, ही कथा आपण लहानपणापासून भक्तीची म्हणून ऐकतो. मी खजिनदार झाल्यापासून ती मला वेगळीच ऐकू येते. यात्रेकरू द्वारकेत शेठचा पत्ता विचारत फिरताहेत आणि सगळे म्हणताहेत, असा कुणी इथे राहत नाही... या ठिकाणी माझा जीव वरखाली होतो.

आणि शिर्डीची गोष्ट तर हिशोबाचीच आहे. दाभोलकरांच्या 'साईसच्चरिता'त आहे, बऱ्याच जणांना माहीत असेल. नांदेडचे पारशी व्यापारी रतनजी पहिल्यांदाच शिर्डीला आले. दक्षिणा म्हणून पाच रुपये द्यायचं त्यांच्या मनात होतं. बाबांनी सांगितलं की त्यातले तीन रुपये चौदा आणे मला आधीच पोचलेत, उरलेले तेवढे दे. रतनजी चक्रावले. आपण यापूर्वी कधी आलो नाही, काही पाठवलं नाही. नांदेडला परत गेल्यावर त्यांनी दासगणूंना ही हकीकत सांगितली. काही दिवसांपूर्वी मौलीसाहेब नावाच्या, हमाली करणाऱ्या एका मुसलमान सत्पुरुषाचा रतनजींनी घरी सत्कार केला होता. दासगणूंनी त्या दिवशीच्या खर्चाचा हिशोब मागवला. बेरीज आली तीन रुपये चौदा आणे. तुमचा चमत्कारांवर विश्वास असो नसो, मला यातला कागद आवडतो. खर्चाची वही काढली आणि आकडा जुळवून पाहिला. देणगी कुठे पोचली याची तपासणी इथेही देणाऱ्याच्याच घरी झाली.

मग हे उलटं कधी झालं? देणाऱ्याचा पत्ता त्याच्या समाधानासाठी न राहता त्याच्यावरच्या संशयासाठी कधीपासून मागायला लागले?

माझ्यापुरती मी दोन सालं धरली आहेत. पहिलं २००६. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ११५ बीबीसी हे कलम घातलं. निनावी देणगीवर ३० टक्के कर. आणि निनावी कशाला म्हणायचं? ज्या देणगीच्या बाबतीत घेणाऱ्याने देणाऱ्याचं नाव आणि पत्ता यांची नोंद ठेवलेली नाही, ती. काळा पैसा देणगीच्या वाटेने पांढरा होतो हे खोटं नाही. शिक्षणसंस्थांच्या 'देणग्या' आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे या कायद्याला नावं ठेवायला मी धजत नाही. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट होती. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही असलेल्यांनाही होती, फक्त शाळा-कॉलेज किंवा दवाखान्यासाठी म्हणून खास दिलेली निनावी देणगी सोडून.

या कलमाचा खरा कस लागला तो आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीत. बाबांनी १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवला, १९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार संस्थान उभं राहिलं आणि २००४ मध्ये त्यासाठी राज्याचा वेगळा कायदा झाला. तिथल्या दानपेटीत रोज किती हात काहीतरी टाकतात! कुणी दहाची नोट, कुणी सोन्याची साखळी. पेटीजवळ कोण विचारणार, की बाबा रे तुझं नाव काय अन् गाव कुठलं? प्राप्तिकर खात्याचं म्हणणं पडलं की हे संस्थान धर्मादाय आहे, धार्मिक नाही, तेव्हा दानपेटीतल्या निनावी पैशांवर कर भरा. एकेका वर्षाची अशी रक्कम दीडशे कोटींच्या वर होती. प्रकरण अपिलेट ट्रायब्युनलकडे गेलं, तिथे संस्थानाच्या बाजूने निकाल लागला. खातं उच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, सबब दानपेटीतल्या निनावी देणग्यांवर हा कर लागत नाही.

म्हणजे ज्या महिन्यात आमच्या पत्त्यातलं जिल्ह्याचं नाव बदललं, त्याच महिन्यात शिर्डीच्या पेटीत टाकणाऱ्याला पत्ता द्यायची गरज नाही यावर शिक्कामोर्तब झालं. आमच्यासारख्या वसतिगृहाला मात्र ही सूट नाही, कारण आमच्याकडे देव नाही. आम्ही पत्ते लिहितो. २०२१-२२ पासून तर प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन किंवा तसा नंबर एका तक्त्यात भरून खात्याकडे पाठवावा लागला, त्याशिवाय देणाऱ्याला करसवलतीचं प्रमाणपत्र निघेना. मार्च संपला की माझा एप्रिल-मे त्यात जाऊ लागला. 'पत्ता' या रकान्यात लोक 'नगर' एवढंच लिहून पाठवतात.

दुसरं साल १९७६. आणीबाणीत परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा आला. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि २०२० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अशा देणग्या दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायच्या असं ठरलं. या कायद्याला पत्त्याशी काहीच देणंघेणं नाही, हे मला काकांच्या निमित्ताने नीट कळलं.

झालं असं की काकांची समजूत घालायला मी म्हटलं, "काका, कार्ड राहू द्या. मी यंत्राला बाजूला ठेवून तुमची देणगी घेतो. फक्त भारतीय पासपोर्टची प्रत पाठवा, म्हणजे आमची फाइल पूर्ण."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो आता नाही रे माझ्याकडे."

काका १९७० च्या दशकात गेले. चाळीस-एक वर्षं ग्रीन कार्डावर काढली, भारतीय पासपोर्ट सोडवत नव्हता. काकूंच्या आजारपणानंतर मुलांनी आग्रह धरला तेव्हा तिकडचं नागरिकत्व घेतलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर 'मी भारतीय नागरिक आहे' यापुढे चौकोन आहे. तिथे त्यांनी टिचकी मारली होती, सवयीने. मुद्दाम खोटं बोलणारा तो माणूस नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तोच माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की त्याचा पैसा परदेशी, ओसीआय कार्ड असलं तरी. आणि परदेशी देणगी घ्यायला लागणारी नोंदणी आमच्याकडे नाही. म्हणजे बघा, त्या झेडने चुकीच्या कारणासाठी बरोबर देणगी अडवली होती. पत्ता जुळला असता तर पैसे आत आले असते आणि आम्ही नकळत कायदा मोडला असता.

कमिटीत कुणीतरी सुचवलंच : त्यांच्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावाने घ्या, कोण बघतंय? हे असं सर्रास होतं. मी नाही म्हटलं. वडिलांच्या नावाने पावती फाडली तर तक्त्यात त्यांचा पत्ता आणि पॅन जाणार, आणि तो खोटा पत्ता माझ्या हातून लिहिला जाणार. एवढं सगळं चोरांनी केलं तेव्हा त्यांना शिव्या घातल्या होत्या मी.

काका दिवाळीला आले. वसतिगृह बघायचं म्हणाले. ऊसतोडीची निघायची वेळ, नव्या मुली आईचा पदर धरून उभ्या होत्या, ऑफिसात नाव-गाव लिहायचं काम चालू होतं. काका बाकावर बसून ते ऐकत होते. एका मुलीला बाईंनी पत्ता विचारला तर ती म्हणाली, "आत्ता कुठला सांगू?" सहा महिने गावात, सहा महिने कारखान्यावर. बाईंनी गावचा लिहिला.

मग काकांनी खिशातून पाकीट काढलं. आत ५००१ रुपये, आपल्याच नोटा. "हे तर डॉलर नाहीत ना?" मी मान हलवली. परदेशी नागरिकाने रुपयांत दिले तरी ती परदेशी देणगीच. मला ते सांगवत नव्हतं, पण सांगितलं. काकांनी पाकीट परत खिशात ठेवलं आणि मुलींबरोबर जेवायला बसले.

दोन दिवसांनी आम्ही शिर्डीला गेलो. आजीची इच्छा म्हणा किंवा काकांची. समाधीचं दर्शन घेऊन बाहेर येताना दानपेटीपाशी ते थांबले, पाकीट काढलं आणि तसंच आत सोडलं. शेजारी उभ्या रक्षकाने आमच्याकडे बघितलंही नाही, तो गर्दीला 'चला, चला' करत होता.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "आईला पोच यायची."

"हो," मी म्हटलं, "डबा आहे अजून. माझ्याकडेच आहे."

तो त्यांना दाखवला त्या रात्री. तुकड्यांवरची शाई फिकी झालीय, पण माझं तेव्हाचं अक्षर ओळखू येतं. पत्त्यातला पिनकोड दोनदा गिरवलेला.

आमच्या देणग्यांच्या यादीत काकांच्या त्या तीन ओळी अजून आहेत. वर्षअखेरीला नाकारलेल्या नोंदी मी साफ करतो. त्या केल्या नाहीत.